तीस चान्सची कॅसेट

आमचे आबा 1972च्या दुष्काळाची गोष्ट सांगायचे. लाल मिलोच्या भाकरी, खडी फोडायची कामं, आणि शेवटी ठरलेलं, "तुम्हाला काय कळणार रे लेकरांनो." मला सांगायला दुष्काळ नव्हता (होते, पण त्यात मी काही केलं नव्हतं), म्हणून मी आमच्या चिरंजीवांना कॉन्ट्रा नावाच्या टीव्ही गेमची गोष्ट सांगत आलो. आठ राऊंड, चान्स फक्त तीन, सेव्हबिव्ह काही नाही, लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि तरी आम्ही तो गेम संपवायचो. 'आम्ही' म्हणजे मी आणि दादा. पण सांगता सांगता दादा त्या गोष्टीतून हळूहळू गळत गेला. गेल्या वर्षापर्यंत पूर्ण गळाला होता.

आबांचं एक बरं होतं. त्यांची गोष्ट पडताळायला कुणी 1972 साल सेलमध्ये घेऊन घरातल्या टीव्हीला जोडलं नाही.

चिरंजीवांनी जोडलं. ते आठवीत आहेत, घरात प्लेस्टेशन आहे (त्याचे हप्ते हा वेगळा लेख), आणि दिवाळीला मामानं दिलेल्या पैशातून त्यांनी 'कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' नावाचा जुन्या गेमांचा गठ्ठा घेतला. 2019 साली निघालेला, दहा गेमांचा. "बाबा, तुमच्यासाठी सरप्राइज," ते म्हणाले. चेहऱ्यावर निरागस भाव होते. पोलिस पंचनाम्याला येतात तेव्हा त्यांच्याही चेहऱ्यावर तसेच असतात.

गेम उतरत असताना मी सवयीनं विचारलं, "फुंकर मारली का?" घरात शांतता पसरली. आमच्या वेळी गेमची कॅसेट लागली नाही की काढून तिच्या दातात फुंकर मारायची, पुन्हा बसवायची, मग लागायची. न लागली तर फुंकर नीट बसली नाही असं समजायचं. दादाची फुंकर गुणकारी होती. गल्लीतली पोरं कॅसेटी घेऊन यायची आणि दादा एखाद्या मांत्रिकासारखा गंभीर चेहरा करून फुंकायचा. आता गेम हवेतूनच येतो म्हटल्यावर फुंकायचं कशात?

तर परभणीतलं आमचं टीव्ही गेमचं यंत्र चायनाचं, आणि कॅसेट ऊरूसातली. फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याचा ऊरूस भरतो, तिथं खेळण्यांच्या दुकानांच्या रांगेत ती पिवळी कॅसेट होती. तिच्यावर लिहिलेलं, 9999999 इन 1. एक कमी एक कोटी गेम! पप्पांनी दुकानदाराशी हुज्जत घातली ती किमतीवर, आकड्यावर नाही. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते मोजायला बसलो. पाच-सहा पानांनंतर लक्षात आलं की मारिओ, कॉन्ट्रा, टँक, पुन्हा मारिओ, पुन्हा कॉन्ट्रा असंच चाललंय. कुठं दुसऱ्या राऊंडपासून सुरू, कुठं कपड्यांचा रंग वेगळा, कुठं नुसतंच नाव वेगळं.

आता या नव्या, रीतसर, पावतीसकट आलेल्या गठ्ठ्याची यादी उघडली तर मला ऊरूसच आठवला. दहापैकी तीन ठिकाणी तोच पहिला कॉन्ट्रा. एक व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मोठ्या यंत्रावरचा, 1987चा. एक अमेरिकेतल्या कॅसेटवरचा, 1988चा. एक जपानी कॅसेटवरचा, त्यात झाडं हलतात आणि बर्फाच्या राऊंडला खरोखर बर्फ पडतो. आणखी दोन गेम युरोपातले, नाव 'प्रोबोटेक्टर', बाकी कॉन्ट्राच, पण माणसांच्या जागी यंत्रमानव. चिरंजीवांनी शोधून सांगितलं की जर्मनीत लेकरांच्या खेळातल्या मारामारीचे नियम कडक होते, म्हणून माणसं काढून रोबो घातले. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण मी जन्मापासून ऐकतो. तिचा अर्थ पहिल्यांदा लागला. जर्मनीत माणूस मारू देत नव्हते, आणि परभणीत आम्ही दप्तर न काढता मारत होतो.

मग मी खेळायला बसलो. प्रेक्षकांत चिरंजीव, मेथी निवडत बसलेली ही, आणि आतल्या खोलीतून कानानं हजर असलेली माय.

पहिला चान्स मी सोफ्यावर नीट टेकेपर्यंत गेला. कॉन्ट्रात पहिला शिपाई समोरून नुसता पळत येतो. गोळी मारत नाही, शिवी देत नाही, येऊन अंगाला लागतो. तेवढ्यानं आपण मरतो. उघड्या अंगाचा, दंडावर एवढाले गोळे असलेला गडी, आणि धक्का लागला की उलटा होऊन गतप्राण. परभणी स्टँडवर गंगाखेडच्या गाडीत चढताना याच्या चौपट धक्के बसतात. दुसरा चान्स पुलावर गेला. तो पूल पायाखाली फुटत जातो हे मला पाठ होतं. पायांना नव्हतं. तिसरा कसा गेला ते मला दिसलंच नाही. एकूण वेळ, हिच्या अंदाजानं, अर्धी जुडी.

"बाबा, लॅग असेल," चिरंजीव म्हणाले. लेकरू मनानं चांगलं आहे. लॅगचं, म्हणजे बटण दाबल्यावर चित्र उशिरा येण्याचं, प्रकरण असं की जुना डबा टीव्ही सिग्नल आला की जसाच्या तसा काचेवर मारायचा. आजचा टीव्ही आलेलं चित्र आधी घासतो, पुसतो, उजळतो, मग दाखवतो. म्हणजे मी उडी मारतो तेव्हा टीव्ही माझ्या तोंडाला पावडर लावत असतो. त्यावर टीव्हीतच 'गेम मोड' असतो. तो शोधताना आमच्याकडून मेन्यूची भाषा तमिळ झाली, ती परत आणण्यात पाऊण तास गेला, पण मोड लागला. त्यानंतर मी पुन्हा मेलो. फरक एवढाच की आता वेळेवर मेलो.

मग मी म्हटलं, चित्र फार स्वच्छ आहे, त्यामुळं चुकतंय. खरंच होतं ते. आमच्या डब्यावर सगळं कसं मऊ दिसायचं. इथं प्रत्येक चौकोन वीटभट्टीतल्या विटेसारखा सुटा. तर त्यालाही सोय आहे. एक पर्याय दाबला की पडद्यावर बारीक आडव्या रेघा येतात आणि नवा टीव्ही जुना दिसतो. मला भरून आलं. ही ओरडली, "अहो, टीव्हीला काय झालं? रेघा कामून यायल्यात? वॉरंटीत हाय का बघा आधी!" मी सांगितलं की या रेघा मुद्दाम आणल्यात. तिनं माझ्याकडं बघितलं, मेथीकडं बघितलं, आणि आत गेली.

"बाबा, एक कोड आहे. तीस चान्स मिळतात," दुसऱ्या दिवशी चिरंजीव फोन बघत म्हणाले.

"आम्हाला असल्या कुबड्या लागत नव्हत्या," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

रात्री सगळे झोपल्यावर मी तो कोड शोधला. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. याच्यामागची कथा वाचून तर मला त्या माणसाबद्दल मायाच वाटली. काझुहिसा हाशिमोतो. 1986च्या आसपास 'ग्रॅडियस' नावाचा गेम घरच्या यंत्रावर आणायचं काम त्याच्याकडं होतं. तपासायला खेळून बघावा तर त्याला स्वतःलाच तो झेपेना. म्हणून त्यानं आपल्यापुरता कोड घातला आणि काढायचा विसरला. पुढं कॉन्ट्रामुळं तो जगभर झाला. हाशिमोतो 2020 साली गेला. ज्यानं गेम केला त्यालाच तो जमत नव्हता, हे मला शाळेत असताना कुणी सांगितलं असतं तर गणिताच्या सरांबद्दल माझं मत वेगळं झालं असतं.

पण प्लेस्टेशनच्या हातातल्या यंत्रावर बी नाही आणि ए पण नाही. फुली, गोळा, चौकोन आणि त्रिकोण. रात्रीचे साडेअकरा, अंगात बनियन, आणि मी भूमितीची पेटी उघडल्यासारखा एकेक आकार दाबून बघतोय. सातव्या खेपेला लागला. तीस चान्स! तिसऱ्या राऊंडपर्यंत गेलो. तिसरा राऊंड धबधब्याचा. उड्या मारत खडकाखडकानं वर चढायचं, वरून धोंडे येतात, मध्ये आगीचे लोळ सरकत असतात. तिथं माझे तेवीस चान्स गेले. शेवटी मध्येच सेव्ह करायची सोय आठवली. घाईत सेव्ह केलं ते नेमका हवेत असताना, खडक हुकल्यावर. आता तो गेम उघडला की मी खाली पडत असतो. पुन्हा उघडला, पुन्हा पडतो. दुसरी सेव्ह मी ठेवली नव्हती. बराच वेळ मी तो माणूस पडताना बघत बसलो.

या सगळ्यात 'मुस्तफा' मिळाला असता तर माझी काही पत राहिली असती. स्टेशन रोडच्या पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून आम्ही तो खेळायचो. पिवळ्या टोपीचा मुस्तफा, धावत येऊन लाथ. चौघांत एकाला घ्यायची मुभा होती, पण मुस्तफा सोडून दुसरा घेणाऱ्याला आम्ही बाहेरगावचा समजायचो. चिरंजीव म्हणाले, "असा गेमच नाही." असणार कसा? त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', 1993चा. 2018 साली त्याच कुळातल्या सात मारामारीच्या गेमांचा एक गठ्ठा निघाला, त्यातही हा नाही. मूळ गोष्ट एका चित्रकथेतली, नावात मोटारीचा ब्रँड, गेम तिसऱ्याचा. ज्या वावराच्या सातबाऱ्यावर इतकी नावं, त्याची खरेदीखतं होत नसतात, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि अशात दादा आला.

दादा गावाकडं शेती बघतो. मोंढ्यात सोयाबीन आणलं होतं, ओलावा जास्त निघाला म्हणून भाव पडला, आणि तो चिडून मुक्कामाला थांबला. सकाळी हिनं सुशीला केला. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं सुशीला खातात. मुरमुऱ्याचा असतो. दोन बशा झाल्यावर दादाचं लक्ष टीव्हीकडं गेलं.

"आरं, कॉन्ट्रा का काय हे?"

"हाव."

"लाव की मग."

चिरंजीवांनी विचारलं, "मोठेबाबा, कोड टाकू? तीस चान्सचा?"

"कोड कशाला?" दादा म्हणाला. "आपल्या कॅसेटीत तीसच असायचे की. यादीत चार नंबरचा कॉन्ट्रा तीस चान्सचा. पहिल्या नंबरचा तीनचा होता, त्यो म्या कधी लावलाच नाही. त्यो कोण खेळल?"

मी बशीत बघत राहिलो. बशीत एक शेंगदाणा होता. म्हणजे आम्ही मरतच नव्हतो असं जे मला चाळिशी उलटली तरी वाटत होतं, ते ऊरूसातल्या त्या पिवळ्या कॅसेटीचं पुण्य. चिरंजीव काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "आणि संपवायचं कोण?"

"मीच. ह्यो धबधब्यात मरून बाजूला बसायचा. मला शेंगा सोलून द्यायचा."

शेंगांचं मी खरंच विसरलो होतो.

कोड टाकला. दोघांचा खेळ, म्हणून शेवटी सिलेक्ट, मग स्टार्ट. दादाला बटणांचे आकार सांगावे लागले नाहीत, त्याचा अंगठा आपोआप जागा शोधत होता. पन्नाशीला आलेला माणूस, नखात अजून काळी माती, आणि जंगलाचा राऊंड त्यानं एकदाही न मरता काढला. 'एस'ची बंदूक आली की "माझी हाय, हात लावू नको" म्हणायचा. दुसरा राऊंड झाला. धबधबा आला.

ज्यांनी जोडीनं हा राऊंड खेळलाय त्यांना ठाऊक आहे. पडदा वरच्या माणसाबरोबर सरकतो. एक जण वर पळाला की खालच्याच्या पायाखालचा खडक पडद्याबाहेर जातो आणि खालचा मरतो. दादा पळाला. मी मेलो. पुन्हा आलो, दादा आणखी दोन खडक वर. पुन्हा मेलो.

"दादा, थांब की!"

"तू चल की! मागं कामून राहतूस?"

"तू पळायलास म्हणून!"

"धोंडे यायलेत वरून, थांबतो कशाला?"

नऊ चान्स गेले. दहावा गेला. चिरंजीवांनी मोबाइल काढून आमचं शूटिंग सुरू केलं. ही दारात येऊन उभी राहिली. आणि आतल्या खोलीतून, कॉटवरून, मायचा आवाज आला, "अरे, बारक्याला जाऊ दे की पुढं! लहान हाय त्यो!"

लहान चव्वेचाळीसचा आहे, बीपीची गोळी खातो. पण दादाचा अंगठा थांबला. तो खडकावर उभा राहिला आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्या पुढं गेलो. एक उडी. दुसरी उडी. तिसरी. पडदा वर सरकला.

खाली दादा मेला.

"माय!" दादा आतल्या खोलीकडं बघून ओरडला. "बघ की हे कसा करायलाय!"