तात्या, दाढ आणि पाच किलोचं मशीन

बिया माझ्या, पेट्रोल माझं, मशीन घेतलं तर हप्तेही मीच फेडणार. पण बिया बाहेर कधी काढायच्या हे ठरवणार तात्या. हे तात्या माझे कुणी लागत नाहीत. मंगळवारी सकाळपर्यंत मी त्यांना पाहिलंही नव्हतं.

सांगलीच्या विश्रामबागेत माझं कॉफीचं छोटं दुकान आहे. भाजलेल्या बिया बंगळुरूहून मागवतो. आता स्वतः भाजायचं ठरवलंय. जर्मनीची प्रोबाट कंपनी १८६८ पासून या धंद्यात आहे, म्हणून हौसेनं आधी तिकडच्या मशीनची किंमत काढली आणि घरात कुणाला सांगितली नाही. मग कुणीतरी म्हणालं, अरे, आपल्या कुपवाड एमआयडीसीत बनवतात की. म्हणून गेलो. शेंगदाणे, फुटाणे, मसाले भाजायचे ड्रम बनवणारा कारखाना. त्यांनी अलीकडे 'कॉफी मॉडेल' काढलंय. म्हणजे ड्रम तोच, रंग काळा.

मालकांनी वही उघडली. "महिन्याला किती माल?"

"पन्नास-साठ किलो."

"दिवसाला?"

"नाही, महिन्याला."

त्यांनी पेनला टोपण लावलं आणि पोराला ओरडून सांगितलं, "एक चहा आण. हाफ." कॉफीचं मशीन घ्यायला आलेल्या माणसाला चहा, तोही अर्धा. पण हे मी सोडून दिलं असतं. खरोखर सोडून दिलं असतं.

शेजारच्या खुर्चीत तात्या बसले होते. भडंगाचा धंदा, डोक्यावर टोपी, मांडीवर स्वतःच्या शेंगदाणा ड्रमची बेअरिंग रुमालात गुंडाळून घेतलेली. त्यांनी माझ्या पिशवीत हात घातला. विचारून नव्हे.

"ही काय, हरभरं?"

"कॉफी आहे, तात्या. कच्ची."

मी 'कच्ची' म्हणेपर्यंत एक बी तोंडात गेली होती. कच्ची कॉफी म्हणजे दगड असतो. ती दळायला घेतली तर घरगुती मिक्सरही मान टाकतो. कट्ट असा आवाज आला. तात्यांची जीभ गालात उजवीकडे गेली, तिथून डावीकडे आली, आणि त्यांनी तळहातावर दोन वस्तू काढून ठेवल्या. एक आख्खी बी आणि एक दाढेची टोपी.

"तुमच्या मालात खडं हायती," तात्या शांतपणे म्हणाले.

"खडा नाही हो तो, बीच आहे."

"मग तुमी बी इकताय का खडी?"

मालक हसले. पोरगं हसलं. वेल्डिंग करणाऱ्यानं काच वर करून हसून घेतलं आणि परत खाली केली.

एवढ्यावर तात्या उठून दवाखान्यात गेले असते तर हा लेख झाला नसता. पण त्यांना आता कॉफीत रस वाटू लागला. पाच किलो कच्चा माल भाजला की उतारा किती, हे त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साधारण सव्वाचार किलो. भाजणी गडद केली तर आणखी कमी.

"पाऊण किलो कुटं गेलं?"

"कच्च्या बीत दहा-बारा टक्के पाणी असतं. ते उडतं. वरचा पापुद्रा उडतो, वायू निघून जातात."

"म्हंजे तुमी पाणी इकत घेताय. कॉफीच्या भावानं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण हिशेब बरोबर होता. म्हणून मी त्यांना खूश करायला सांगितलं, की वजन घटलं तरी बी फुगते. आकारानं दीडपट, कधी त्याहूनही मोठी होते. तात्यांचे डोळे चमकले. ते खुर्ची ओढून जवळ आले.

"फुगती? मग वजनावर कशाला इकताय वो? चिपट्याच्या मापानं इका की! चुरमुरं आमी काय किलोवर इकतो व्हय?"

या माणसानं पाच मिनिटांत माझा धंदा फायद्यात आणून दिला होता. सातशे-आठशे रुपयांची अरेबिका दुकानात उभं राहून चिपट्यानं मोजून देणारा मी, हे चित्र मला त्या रात्री झोपताना दिसलं आणि पटलंसुद्धा. ते असो.

मग ट्रायल. मी चिकमगळूरच्या दोन किलो बिया नेल्या होत्या. ही चिकमगळूरची बी मोठी मानाची. बाबा बुदन यांनी हजहून परतताना येमेनमधल्या मोख्याच्या बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि तिथल्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. आज देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी एकट्या कर्नाटकात होते. सात बियांत त्यांनी एवढं केलं. माझ्या दोन किलोचं काय झालं ते ऐका.

ड्रमच्या आत पांढरं मीठ चिकटलेलं होतं. सकाळीच खारे शेंगदाणे काढले होते. मी म्हटलं, कॉफी वास धरते, जरा साफ करा. पोरानं एक फडकं आत फिरवलं, ज्या फडक्याचा वास शेंगदाण्यांपेक्षा जुना होता. बिया पडल्या. तापमानाचा काटा एकच, तोही ड्रमच्या तोंडाशी, तो बियांचं तापमान दाखवतो की कुपवाडच्या हवेचं, हे विचारल्यावर मालक म्हणाले, "अंदाज येतो हो."

तरी बिया गुणी होत्या. हिरव्याच्या पिवळ्या झाल्या, वाळल्या गवताचा वास आला, मग भाजत्या पावाचा, मग तपकिरी रंग चढू लागला. दहाव्या मिनिटाच्या सुमारास पहिली तडतड सुरू झाली. बी साधारण १९६ अंशांच्या पुढे गेली की आतल्या वाफेनं फुटते, हीच ती. इथून पुढचं मिनिट-दीड मिनिट म्हणजे सगळी कॉफी असते. आंबटपणा किती ठेवायचा, गोडवा किती आणायचा, सगळं तिथंच ठरतं. मी आच कमी करायला हात पुढे केला.

"फुटली! काढ रं!" तात्या ओरडले.

आणि पोरानं दांडा ओढला. माझ्याकडे बघितलंही नाही. बिया भसाभस ट्रेमध्ये.

"अजून दीड मिनिट हवं होतं!"

"तात्या म्हणालं न्हवं," पोरगं म्हणालं.

"फुटल्यावर ठेवलं तर करपतंय," तात्यांनी मला समजावलं, गरम बी फुंकर मारून दुसऱ्या बाजूच्या दाढेखाली घातली आणि निकाल दिला, "ब्येस. शेंगदाण्यासारखी लागतीया. मीठ तेवढं कमी हाय."

हसायला मीही हसलो तिथं. पण गाडीवर बसल्यावर राग आला, आणि तो तात्यांचा नव्हता. सव्वातीन लाख अधिक १८ टक्के जीएसटी मागणाऱ्या मालकानं एकदाही पोराला म्हणू नये, की गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐक? वर पत्रकात छापलंय 'तासाला २० किलो'. म्हणजे पाच-पाच किलोचे चार घाणे, पंधरा मिनिटांना एक. प्रत्यक्षात ड्रमची हवा ओढायला आणि ट्रे गार करायला पंखा एकच. तो ट्रेकडे लागला की ड्रम नुसता फिरत राहणार, पुढचा घाणा थांबणार. तासाला तीन निघाले तरी नारळ फोडावा. शिवाय पाच किलोच्या ड्रमात साडेतीन-चार किलोच नीट भाजतं, हे कुठल्याच पत्रकात नसतं. धूर कुठं सोडायचा, हे विचारलं तर "खिडकी हाय न्हवं?" खिडकी आहे. खिडकीच्या वर पहिल्या मजल्यावर काकूंची वाळत घातलेली धुणी आहेत. काकूंना अजून मी दुकानात साधी फोडणीसुद्धा देऊन दाखवलेली नाही.

बंगळुरूकडच्या एका कारखान्यातलं तीन किलोचं मशीन मनात भरलंय. दोन पंखे वेगळे, बियांच्या राशीत बुडणारा तापमापक, आच राईराईनं कमी करता येणारा नॉब, आणि पापुद्रा गोळा करायला मागं सायक्लोन. गाडीभाडं धरून पन्नास हजार जास्त जातील. जाऊ देत. तिथं तात्या नाहीत, हे मी फोनवर विचारून घेतलंय.

कुपवाडचं कोटेशन काल फोनवर आलं. मालाचं नाव, 'शेंगदाणा रोस्टर, कॉफी मॉडेल'. त्याच्यापाठोपाठ अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. दाताच्या डॉक्टरांचं बिल, नवीन टोपीचं. खाली लिहिलंय, 'निम्मं निम्मं करू.'

माझं कार्ड मालकांनीच त्यांना दिलं असणार. मी उलट माझ्या दोन किलो बियांचं बिल पाठवून दिलं आहे, वजनावर.