खुलासा : 100 दिवसांचा कार्यक्रम आणि सेवा हक्काचा कायदा

‘2025 चा 100 दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम आता कायमचा कायदा झाला असून दाखल्यास उशीर करणारा कर्मचारी आपोआप निलंबित होईल’, हा परभणी-हिंगोलीकडील गटांवर फिरणारा संदेश चुकीचा आहे. तो कार्यक्रम प्रशासकीय होता; कायद्यासाठी विधिमंडळाची मंजुरी लागते. मुळात वेळेत सेवा मिळण्याचा हक्क महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 ने केव्हाच दिला आहे, हे तहसीलच्या चकरा मारणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. त्याच्या कलम 10 मध्ये आपोआप निलंबन नव्हे, तर पुरेशा कारणाविना कसूर केल्यास 500 ते 5,000 रुपये दंड आहे. अर्ज देतानाच क्रमांक व मुदत नोंदलेली पोच मागून घ्यावी, कारण मुदत टळल्यावर 30 दिवसांत करावयाच्या पहिल्या अपिलात तीच कामी येते. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.