मतदानाला जाताय? आधी आपल्या आईचं वय तपासा

ओळखपत्राशिवाय मतदान करू द्यावं का, यावर टीव्हीवर भांडणं चालू असतात. मला आता त्या भांडणात रस उरला नाही. परवाच मी आईला घेऊन मतदान केंद्रावर जाऊन आलोय, म्हणजे मी आता तज्ज्ञ झालो. तेव्हा चार गोष्टी सांगतो, लिहून घ्या. लिहिलेल्याची झेरॉक्स काढा. झेरॉक्सवर सही करा.

सगळ्यात आधी, जन्म १ जूनला घ्या. मराठवाड्यात तशी दुसरी सोयही नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी आमचा निम्मा वर्ग त्याच दिवशी जन्माला घातला. माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा बरोबर एक वर्षानं लहान आहे, तासाचाही फरक नाही.

नाव असं ठेवा, की कुठल्याही ऑपरेटरला ते एकाच पद्धतीनं टाइप करता येईल. आमच्या मायच्या आधारवर नुसतं नाव आहे. रेशनकार्डावर त्याला ‘बाई’ जोडलंय. सातबाऱ्यावर जुन्या रिवाजानं नावापुढं ‘भ्र.’ आहे, म्हणजे भ्रतार, म्हणजे आमचे वडील. बँकेतल्या शहाण्या पोरानं तो ‘भ्र’ नावालाच चिकटवला. त्यामुळं पासबुकात माय कुठल्यातरी परदेशी बाईसारखी वाटते. तिला बँकेत त्याच नावानं हाक मारतात आणि ती ‘ओ’ देते, कारण पगार त्याच नावावर यायचा.

बोटं जपून वापरा. ऊस तोडू नका, भांडी घासू नका. आधारच्या मशीनला मऊ बोटं आवडतात.

दिवाळीनंतर गाव सोडू नका. बीड जिल्ह्यातून लाखभर कोयते ऊस तोडायला कर्नाटकात आणि कोल्हापूर-सांगलीकडं जातात हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, फक्त मतदारयाद्या तपासणाऱ्याला माहीत नसतं. तो कुलूप बघतो आणि ‘स्थलांतरित’ लिहून पुढच्या घरी जातो. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान ठेवलं, तेव्हा आमची निम्मी गल्ली कारखान्याच्या फडात होती. उमेदवारांना मात्र बरोबर पत्ता सापडतो. ते फडावर गाड्या पाठवतात.

मतदार कार्ड मात्र जपून ठेवा. त्याचा उपयोग काय, ते विचारू नका. इंग्लंडात २०२३ पासून मतदानाला फोटोचं ओळखपत्र दाखवायला लावतात, तर तिथं केवढा गदारोळ! आपल्याकडं तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांनी १९९३ सालीच कार्डाचा आग्रह धरला आणि आपण लायनीत उभं राहून फोटो काढले. आता ते कार्ड नसलं तरी आधार, पॅन, लायसन्स, पासबुक, मनरेगाचं जॉबकार्ड धरून बारा पर्याय चालतात. म्हणजे कागदांचा दुष्काळ नाही, दुष्काळ आमच्याकडं पाण्याचाच. गंमत पुढं आहे. २०२५ ला बिहारात यादी नव्यानं तपासली, तेव्हा निवडणूक आयोगानं आधी अकरा कागदांची यादी काढली आणि त्यात आयोगाचं स्वतःचं मतदार ओळखपत्रच नव्हतं. आधारही नव्हतं. ते ८ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं बारावं म्हणून घ्यायला लावलं. दुकानदारानं स्वतःचीच पावती ओळखू नये, तसलं हे. आणि कार्ड खिशात असून यादीत नाव नसेल तर ते कार्ड पट्टी म्हणून वापरा. कडा सरळ आहेत.

आता आईच्या वयाचं. हा सल्ला जरा लांबणार आहे.

मतदान आमच्या गावच्या शाळेत होतं. ह्याच शाळेत मायनं वीस वर्षं पोषण आहाराची खिचडी शिजवली. पहिल्या अधिकाऱ्यानं नाव मोठ्यानं पुकारलं. पुकारायचंच असतं, एजंटांना ऐकू जावं म्हणून. तिन्ही पक्षांच्या एजंटांनी माना वर केल्या. एक म्हणाला, “या मावशी.” मायनं डाव्या हाताचं बोट आधीच पुढं काढून ठेवलं होतं. अधिकाऱ्याची पट्टी यादीवर सरकत सरकत थांबली.

“वय एकोणतीस?”

माय एकोणसत्तरची आहे. यादीत कुणीतरी सहाच्या जागी दोन दाबलंय. म्हणजे मी पंचेचाळीस आणि माझी माय एकोणतीस, जन्माला यायची घाई मीच केली. मी म्हणालो, “साहेब, टायपिंगची चूक आहे. दोनदा दुरुस्तीचा फॉर्म ८ भरलाय, दोन्ही पोचपावत्या घरी आहेत.”

“कार्डावर एकोणसत्तर, यादीत एकोणतीस. शिवाय नावात बाई आहे, आधारला नाही. मला रिस्क घेता येत नाही.”

माय म्हणाली, “यादी काय म्या लिवली का बाबा?” मग तिनं एका एजंटाकडं बघितलं. “सांग की रे त्यांला. माह्या हातची खिचडी खाऊन वाढलास नव्हं?”

तिघंही बोलले. एकमेकांचं तोंड न बघणारे तीन पक्ष त्या दिवशी एका मुद्द्यावर एक झाले, की हीच ती मावशी. तुमच्या माहितीसाठी, मतदाराच्या ओळखीबद्दल शंका असेल तर एजंटाला रीतसर आक्षेप घेता येतो. त्याची फी २ रुपये आहे. त्या खोलीत कुणीही दोन रुपये काढले नाहीत. शंका फक्त साहेबांना आली, आणि साहेब दुसऱ्या तालुक्यातून आदल्या रात्री आलेले. त्यांचा मुक्काम ज्या खोलीत होता, तिथल्या भिंतीला अजून मायच्या चुलीचा धूर आहे.

केंद्राध्यक्ष म्हणाले, “वर फोन लावतो.” वर बहुतेक रेंज नसते. माय व्हरांड्यात बसली. अकरा वाजले, बारा वाजले. तिला शुगर आहे, जेवणाआधीची गोळी घरी होती. एक वाजता ती उठली आणि म्हणाली, “चल, कोरडंच बोट घेऊन जाऊ.”

वाटेत आमच्या शेजारच्या आजोबांचं घर लागतं. ते वारून नऊ वर्षं झाली. त्यांचं नाव यादीत आहे, एका वेलांटीची चूक नाही, आणि दर दुरुस्तीत त्यांचं वय न चुकता वाढतं.

रात्री मी आयोगाच्या सूचना वाचल्या. त्यात सरळ लिहिलंय, की मतदाराची ओळख पटत असेल तर कार्डातल्या स्पेलिंगच्या, लेखनाच्या बारीकसारीक चुकांकडं दुर्लक्ष करावं. आपल्या नावावर आधीच दुसरा कुणी मत देऊन गेला, तरी खऱ्या माणसाला वेगळ्या मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येतं. चोर मत टाकून गेल्यावरही ज्या नियमात सोय आहे, त्याच नियमाच्या दारात माझी आई दोन तास बसून परत येते. हे मला रात्री कळलं. त्या माणसाला सकाळी कळायला पाहिजे होतं, त्याचं प्रशिक्षण झालंय, त्याला त्याचा भत्ता मिळालाय.

पुरे झाले सल्ले.

त्याच रात्री घराण्याच्या ग्रुपवर पुण्यातल्या आमच्या एका बंधूंचा फॉरवर्ड आला. कार्ड नाही तर मत नाही, कडक तपासणी झालीच पाहिजे, देश वगैरे. भाऊसाहेब, तुमचं नाव वाकडच्या यादीत आहे आणि गावच्या यादीतही आहे. दोन्हीकडची कार्डं तुमच्या कपाटात आहेत आणि दोन्ही खरी आहेत. कितीही कडक तपासा, तुम्ही दोन्ही दारांतून पास होता. एका माणसाचं नाव दोन ठिकाणी असू नये असा कायदा १९५० पासून आहे, पण तुमच्याकडं कुणी संशयानं बघत नाही, कारण तुमची बोटं मऊ आहेत आणि स्पेलिंग बरोबर आहे. मतदानाच्या सुट्टीत तुम्ही महाबळेश्वरला होतात, फोटो आलेत ग्रुपवर. तपासणीला माझा विरोध नाही हो. बोगस मतं आम्ही गावात डोळ्यांनी बघितलीत, तुम्ही नाही. पण चूक करायची ऑपरेटरनं, ती दोनदा अर्ज करूनही तशीच ठेवायची ऑफिसनं, आणि ताटकळत बसायचं एकोणसत्तर वर्षांच्या बाईनं, आणि वर तुम्ही सोफ्यावरून तिलाच कागद मागायचे? लाज वाटू द्या.

गावातलं नाव कमी करायला फॉर्म ७ असतो. तो आधी भरा, त्याची पोच ग्रुपवर टाका, मग माझ्या मायला कार्ड मागा.