खुलासा: २०१६ला हिलरींना ‘डावललं’ हा मेसेज चुकीचा आहे
‘अमेरिकेत ज्याला जास्त मतं तोच अध्यक्ष, तरी २०१६ला जिंकलेल्या हिलरी क्लिंटनना डावललं’ असा मेसेज फिरतोय. परवा मीही तो न तपासता पुढे पाठवला, चूक माझीच. त्यातलं अर्धं खरं आहे: हिलरींना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं पडली होती. पण अध्यक्ष निवडतात ते ५३८ निर्वाचक, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेले प्रतिनिधी, आणि जिंकायला त्यातल्या २७० जणांची मतं लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी राज्यांत जो पुढे, भले थोडक्या मतांनी, त्याच्याच पक्षाचे सगळे निर्वाचक. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या नोंदीत ट्रम्प ३०४, हिलरी २२७. २००० साली अध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर यांचंही असंच झालं. पद्धत मलाही पटत नाही, पण नियम आधीपासूनचा आहे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.