भाकरी सोडायला जागा

चूक माझीच. एका रविवारी मँचेस्टरच्या लेव्हनशुम भागातल्या ‘स्टेशन साउथ’मध्ये कॉफी पीत बसले होते. वरती जुन्या स्टेशनची विटांची भिंत, समोर कपात फेसावर काढलेलं पान. फोटो काढला आणि सोलापूरच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘हे एकेकाळी रेल्वे स्टेशन होतं.’ एवढंच.

रात्री उघडून बघते तर आमचा मामेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, त्याचं मनातल्या मनात हॉटेल काढूनही झालं होतं. सोलापूरजवळच्या बाळे गावच्या स्टेशनात. ‘बघा, परदेशात जुन्या स्टेशनचं कसं सोनं करतात, आणि आपल्याकडं नुसत्या पानाच्या पिचकाऱ्या!’ इथून सुरुवात. मग रेल्वेकडून जागा लीजवर कशी घ्यायची, भिंतीला दगडी लूक कसा द्यायचा, वेटरला हिरवी झेंडी आणि शिट्टी. थाळीचं नावही ठरलेलं: गार्ड थाळी. कडक भाकरी, शेंगाचटणी, हुलग्याची उसळ, शेवटी हुग्गी. वहिनीनं अंगठा दाखवला, पुण्याच्या आत्यानं दोन. ‘तूच सांग गं, तिकडं चालतं ना असं?’ असं म्हणून गाडी माझ्यावर आली.

परदेशात राहणाऱ्या माणसाला घरच्या वादात पंच करतात तेव्हा फार बरं वाटतं, हे कबूल करते. २०२३ मध्ये विमानतळाच्या आड येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्या वेळीही मी इथून लांबलचक मत पाठवलं होतं. तेव्हा मामांनी एकच विचारलं होतं, ‘तू वर्षातनं किती वेळा विमानानं सोलापूरला उतरणार?’ मी दोन वर्षांतून एकदा येते, तेही मुंबईला उतरून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं. त्यामुळं या वेळी उत्तर द्यायला चार दिवस घेतले.

तर चालतं. चांगलं चालतं. लेव्हनशुम साउथ हे उपनगरी गाड्यांचं छोटं स्टेशन होतं. १८९२ मध्ये उघडलं, १९५८ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या. त्या लोहमार्गावर मालगाड्या १९८८ पर्यंत रडतखडत धावल्या, मग रूळ उचलले. आता तिथं चोर्लटनपासून फेअरफील्डपर्यंत जवळजवळ तेरा किलोमीटरची सायकलवाट आहे, दोन्ही बाजूंना झाडी, आणि स्टेशनच्या इमारतीत हे खाण्यापिण्याचं ठिकाण. सायकली टेकवायला जागा आहे, शेजारी बाग आहे. लहान पोरांच्या आया, निवृत्त मास्तर, लॅपटॉपवाले, सगळे असतात. मी जाते, पुढंही जाईन.

पण दादा, त्याच लेव्हनशुममध्ये दुसरं एक स्टेशन आहे, त्याचा फोटो मी कधी टाकला नाही. ते जिवंत आहे. स्टॉकपोर्ट ते मँचेस्टर मार्गावरचं, साधंसुधं, तिथं कुणी कॉफीच्या फेसावर पान काढत नाही. रोज सकाळी मी तिथनं गाडी पकडते. म्हणजे पकडायचा प्रयत्न करते. गेल्या हिवाळ्यात एका आठवड्यात तीनदा ‘रद्द’ अशी पाटी लागली, आणि आम्ही पंधरा-वीस जण आडव्या पावसात एकमेकांकडं बघत उभे राहिलो. त्या थंडीत मला एकदाही वाटलं नाही की इथं रेस्टॉरंट असावं. गाडी यावी, एवढंच वाटलं.

स्टेशनातलं रेस्टॉरंट म्हणजे श्राद्धाचं जेवण. जेवण उत्तम असू शकतं, चार माणसं जमतात, गेलेल्याच्या आठवणी निघतात, त्यात वाईट काही नाही. फक्त पान वाढण्याआधी माणूस खरंच गेलाय का, ते बघावं. लेव्हनशुम साउथ गेलं होतं. बाळे गेलेलं नाही. त्या मार्गाचं दुहेरीकरण झालं, वर विजेच्या तारा आल्या. मुंबईहून आलेली गाडी जी. आय. पी.च्या, म्हणजे जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, त्याच मार्गावरून सोलापुरात शिरते, ज्यावरून १८६० मध्ये पहिल्यांदा शिरली. असल्या स्टेशनचं काय करावं हा प्रश्नच जरा उलटा आहे. तिथं गाडी किती वेळ थांबते, कुणासाठी थांबते आणि थांबत नसेल तर का, हे आधी विचारायला हवं. करोनानंतर देशभर पॅसेंजर गाड्या ‘स्पेशल’ झाल्या, दहा रुपयांचं किमान भाडं तीस झालं आणि ते खाली यायला २०२४ उजाडलं. त्या काळात छोट्या स्टेशनांवरचे थांबे गेले, तेव्हा आमच्या ग्रुपवर एक अक्षर कुणी लिहिलं नव्हतं. मीही नाही. आता हॉटेल म्हटल्याबरोबर दीडशे मेसेज.

इथं बसून या गोष्टीचा विचार करताना एक गंमत सारखी डोक्यात येते. सोलापूरला रेल्वे आली ती काही अंशी याच मँचेस्टरसाठी. लँकेशरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, दख्खनचा कापूस मुंबई बंदरापर्यंत बैलगाडीनं पोचायला महिने लागायचे आणि वाटेत धूळ-पावसानं खराब व्हायचा, म्हणून मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानात रेल्वे घाला असा धोशा लावला होता. सोलापूरपर्यंत रूळ आले आणि वर्षभरातच अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढं सोलापूरनं स्वतःच्या गिरण्या काढल्या, चादरी विणल्या. आज दोन्हीकडचे भोंगे बंद आहेत. इथल्या अँकोट्समधल्या गिरण्यांत आता महागडे फ्लॅट आणि त्याहून महागडे पिझ्झे मिळतात. जगातलं सगळ्यात जुनं शिल्लक असलेलं प्रवासी टर्मिनस, १८३० चं लिव्हरपूल रोड स्टेशन, इथंच आहे. ते म्युझियम झालं. मँचेस्टर सेंट्रल १९६९ मध्ये बंद पडलं, त्याच्या प्रचंड कमानीखाली प्रदर्शनं भरतात. मेलेली स्टेशनं कशी सजवावीत यात या गावाचा हात धरणारं कुणी नाही.

आणि हेच गाव आता पस्तावतंही, ते मात्र फोटोत येत नाही. चोर्लटन-डिड्सबरीकडं जाणारा एक मार्ग १९६७ मध्ये बंद केला होता. पण त्याची पट्टी पुरती विकून खाल्ली नव्हती. त्यामुळं २०११ मध्ये चोर्लटनपर्यंत आणि २०१३ मध्ये ईस्ट डिड्सबरीपर्यंत त्याच वाटेवरून ट्राम सुरू करता आली. जुनी डिड्सबरी स्टेशनची इमारत तेव्हा राहिली नव्हती, कुणाचं काही अडलं नाही. जमीन राहिली होती, तिनं काम भागलं. आपण मात्र भांडतो ते इमारतीच्या कौलांवरून.

आता खरंच गेलेल्या स्टेशनांकडं येते, कारण दादाची कल्पना मला सबंध टाकून द्यायची नाही. आपल्या जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वे होती. आमचे मामा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळं आमच्या घरात तिला ‘लाइट’ न म्हणता ‘आपली गाडी’ म्हणत. अडीच फुटी रूळ. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. आषाढी-कार्तिकीला टपावर माणसं. मामा सांगतात की चढावर ती इतकी हळू व्हायची की माणूस उतरून लघवी करून परत चढायचा. यात किती मीठमसाला आहे ते त्यांनाच ठाऊक. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्यानं सगळी ब्रॉडगेज झाली. झाली ते उत्तमच झालं, नाहीतर लातूरकरांना मुंबईची गाडी कुठली? येडशीपुढं मार्ग धाराशिवकडं वळवला, तेव्हा जुनी वाट तशीच मागं राहिली.

ही रेल्वे बांधणारा इंजिनीअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. (याच माणसानं पुढं पहिल्या महायुद्धात वैमानिकांसाठी पॅराशूट केलं. बार्शीचा उल्लेख पॅराशूटच्या इतिहासात येतो, हे मी बार्शीच्या जावयांना मुद्दाम सांगते.) बार्शीला हात बसल्यावर त्यानं इकडं स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच रेल्वे बांधली. तेच अडीच फुटी रूळ, इंजिनाला आपल्याकडच्यासारखा मोठा दिवा. १९०४ मध्ये सुरू, मुख्य माल दूध. १९३४ मध्ये बंद. तीन वर्षांत रूळ काढून लोकांना चालायला वाट करून दिली. शेवटचं स्टेशन हल्म एंड, तिथं आता माहिती केंद्र आहे आणि शेजारी चहाची खोली.

मी गेल्या उन्हाळ्यात मुद्दाम गेले. मँचेस्टरहून गाडीनं, डोंगरातल्या अरुंद रस्त्यांनी. लिंबाचा केक खाल्ला, आणि वाटेवर उभं राहून मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामा ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांनी मला वाटेची रुंदी पावलांनी मोजायला लावली, वळण दाखवायला लावलं. मग म्हणाले, ‘आपलीच की गं ही.’ थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘लोकं येतात का?’ म्हटलं, येतात मामा, पोरंटोरं घेऊन येतात. ‘मग बरंय.’

म्हणून दादा, तुला हॉटेल काढायचंच असेल तर बाळ्याचा नाद सोड आणि लाइटच्या वाटेवर एखादं पडकं स्टेशन शोध. तिथं कुणाची गाडी चुकणार नाही. भिंतीवर कॅल्थ्रॉपचा फोटो लाव, मामांना उद्‌घाटनाला बसव, गार्ड थाळी खुशाल वाढ. हुलग्याची उसळ मात्र वहिनीच्या हातची पाहिजे.

यावर दादाचं म्हणणं असं की आडरानात गिऱ्हाईक कोण येणार. खरं आहे. शिवाय तो म्हणतो, जिवंत स्टेशनांची अवस्था बघ, मुताऱ्या बघ, नळाला पाणी नाही, बाकडी मोडलेली. हॉटेल आलं तर निदान झाडलोट तरी होईल. इथं मात्र मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण हे इकडंही तसंच आहे. स्टॅलीब्रिजच्या चालू स्टेशनवर १८८५ पासूनचं एक खाण्यापिण्याचं ठिकाण आहे. लोक गाडीची वाट बघत तिथं बसतात, त्यानं स्टेशन उबदार राहिलंय. म्हणजे चालू स्टेशनवर हॉटेल असू नये असं माझं म्हणणं नाही. स्टेशनच्या पोटात एक हॉटेल असावं. स्टेशनच हॉटेलच्या पोटात गेलं तर माझं भांडण आहे.

मामांनी शेवटी व्हॉइस मेसेज टाकला. ते टाइप करत नाहीत. मागं प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू येते. म्हणाले, ‘त्या तिकडच्या स्टेशनात आपली आपण भाकरी सोडून खाता येती का?’

नाही मामा, येत नाही. मी बघितलं नव्हतं, पण विचारायची गरजही नाही. टेबलाशी बसायचं तर काहीतरी मागवावं लागतं, निदान साडेतीन पौंडांची कॉफी. आपल्या स्टेशनवर मात्र आजवर हीच सोय होती. आईबरोबर पंढरपूरला जाताना कुर्डुवाडीला गाडी बदलायची असे. दोन-तीन तास हाताशी. फलाटावर धोतराच्या फडक्यात बांधलेली भाकरी निघायची, वर तेल घातलेली शेंगाचटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. शेजारी कानडी बोलणारं कुटुंब असे, त्यांच्याकडची शेंगापोळी आमच्याकडं यायची, आमचं धपाटं तिकडं. कुणी उठ म्हणायचं नाही. नळाला तोंड लावून पाणी प्यायचं. एवढ्या गर्दीचं, एवढ्या स्वस्तातलं जेवणघर सोलापूर जिल्ह्यात दुसरं नव्हतं, आणि त्यावर कुणाचा फलक नव्हता. उद्या तिथं गार्ड थाळी आली की पहिली पाटी लागेल ती ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे’ ही. आणि तीच कडक भाकरी, जी टिकते म्हणून माणसं प्रवासाला बांधून नेतात, आत दीडशे रुपयांना मिळेल.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा लांबच झालं. दादानं दोन दिवस उत्तर दिलं नाही. वहिनीनं खाजगीत कळवलं की रागावलेत. मग काल त्याचा मेसेज आला. बाळ्याचं नाव त्यात नव्हतं. लाइटच्या जुन्या वाटेवरच्या एका पडक्या खोलीचा फोटो होता, छप्पर गेलेलं, आत बाभूळ उगवलेली. खाली लिहिलं होतं, रविवारी मामांना घेऊन बघून आलो, जागा कुणाच्या नावावर हाय ते काढतोय.

मामांचा मेसेज त्याच्या खालोखाल. पंधरा सेकंदांचा. ‘बाहेर एक नळ आन्‌ दोन बाकडी ठेव म्हणावं त्याला. आत काय करायचं ती करू दे.’