चोरून भरलेली टेप कुणाची?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर गेले दोन आठवडे एकच विषय पेटलाय. एका मित्राच्या मामांच्या कपाटात जुन्या टेपची बारा-तेरा स्पूलं सापडली, सगळी खासगी मैफलींची, सत्तरच्या दशकातली, मामा आता नाहीत आणि त्याने भाबडेपणाने विचारलं की ही यूट्यूबवर टाकू का. झालं. अर्धे म्हणतात गाणाऱ्याला न सांगता भरलेली टेप म्हणजे चोरीचा माल, हात लावू नकोस; अर्धे म्हणतात कला कुणा एकाची मिरास नाही, टाकून मोकळा हो; आणि मधूनच एक गाडी हल्ली कार्यक्रमात मोबाईल वर करून बसणाऱ्यांवर घसरते ती तिकडेच राहते. कुणीतरी मला टॅग करून लिहिलं, "तुमच्या जर्मनीत असलं चालत नसेल." त्यावर चार ओळीत उत्तर देता येईना म्हणून हे.

मी कलोनजवळ राहते आणि गेली काही वर्षं मी सगळ्यात जास्त जे ऐकलंय ते नेमकं असलंच चोरून भरलेलं संगीत आहे. कॅन नावाचा बँड. १९६८ साली इथे कलोनमध्येच जमला. कीबोर्डवर इर्मिन श्मिट, बासवर होल्गर चुकाय, हे दोघं संगीतकार श्टॉकहाउझेनचे विद्यार्थी, म्हणजे अगदी कडक आधुनिक शास्त्रोक्त परंपरेतले; गिटारवर मिखाएल कारोली आणि ड्रमवर याकी लीबत्साइट, जो जॅझमधून आलेला आणि एकच ताल वीस वीस मिनिटं असा धरून ठेवायचा की आपल्याकडचा माणूस लगेच म्हणेल, अरे याने लय पकडलीये, हा ठेका नुसता देत नाहीये. १९७० मध्ये त्यांनी म्युनिकच्या रस्त्यावर गाणाऱ्या डामो सुझुकी या जपानी माणसाला बघितलं आणि त्याच रात्री स्टेजवर उभं केलं, तालीम वगैरे काही नाही.

आता मुद्दा असा की त्यांच्या स्टुडिओतल्या रेकॉर्ड तुम्ही कितीही ऐका, लाइव्ह कॅन त्यात सापडत नाही. स्टुडिओत ते तासन् तास वाजवायचे आणि मग चुकाय टेप कापून, जोडून त्यातून गाणं काढायचा. स्टेजवर कात्री नाही. तिथे ओळखीच्या गाण्याचा एखादा तुकडा डोकं वर काढतो आणि परत बुडतो, बाकी सगळं त्या रात्रीचं, त्या चौघांनी एकमेकांचं ऐकत उभं केलेलं. सगळे वाद्यांसकट फुटतात त्या गदारोळाच्या जागेला ते आपसात 'गॉडझिला' म्हणायचे. म्हणजे ती रात्र कुणी भरून ठेवली नसेल तर ते संगीत उरलंच नाही, कारण ते दुसऱ्या दिवशी परत वाजणार नव्हतं. मैफल ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजवावं लागू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि भरून कुणी ठेवलं? एका इंग्लिश चाहत्याने, ढगळ पँटमध्ये टेपरेकॉर्डर लपवून. सत्तरच्या दशकात तो मागे मागे फिरत कार्यक्रम भरत राहिला. बँडने २०२१ पासून जी लाइव्ह मालिका काढली, श्टुटगार्ट १९७५, ब्राइटन १९७५, कुक्सहाफेन १९७६ आणि पुढे पॅरिस १९७३ वगैरे, त्यातल्या कित्येक टेपचं मूळ ही पँट आहे. श्टुटगार्टच्या तुकड्यांना नावं पण नाहीत, नुसते जर्मन आकडे, आइन्स, त्स्वाय, द्राय, फिअर, फ्युन्फ, कारण नाव द्यायला ते गाणंच नव्हतं. त्यातला तिसरा अर्ध्या तासाच्या वर आहे आणि माझा सगळ्यात आवडता आहे. आवाज स्वच्छ नाही, सांगून ठेवते. बास थोडा चिखलात गेलाय, हॉलचा घुमारा आहे. पण लीबत्साइट एका जागी हाय-हॅटचा, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांचा, भार जरासा बदलतो आणि दोन-तीन फेऱ्यांनी कारोलीची गिटार आपोआप तिकडे वळते, कुणी कुणाला खूण केलेली नाही, आणि हे मला त्या चिखलातूनच ऐकू आलं. साउंडबोर्डवरून, म्हणजे सगळे माइक जिथे एकत्र येतात त्या यंत्रावरून, थेट घेतलेल्या चकचकीत रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक वाद्य वेगळं कळतं, खरंय, पण हॉल कळत नाही. प्रेक्षकातून भरलेल्या टेपमध्ये तुम्ही एका ठराविक खुर्चीत बसलेले असता.

पण ग्रुपवर काही जणांना अर्धंच ऐकायला आवडेल म्हणून पुढचं. त्या चाहत्याने ती कॅसेट छापून विकली नाही. ती शेवटी बँडकडे गेली, ऐंशी पार केलेल्या श्मिटने आणि त्यांच्या जुन्या इंजिनिअरने बसून ती साफ केली, कुठल्या रात्री बाहेर जायच्या हे ठरवलं आणि बँडच्या स्वतःच्या लेबलकडून काढल्या. कारोली २००१ मध्ये गेला, लीबत्साइट आणि चुकाय दोघंही २०१७ मध्ये, आणि पॅरिसची रेकॉर्ड आली त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, डामो सुझुकी गेला. ती मी घेतली त्या आठवड्यात दुसरं काही लावलंच नाही. त्याचा तो पुटपुटणारा, मधेच किंचाळणारा, भाषा नसलेला आवाज १९७३ च्या पॅरिसमधल्या ओलिंपिया हॉलमधून येत होता.

आता "तुमच्या जर्मनीत चालत नसेल" याबद्दल. चालत होतं, चांगलं चालत होतं. फिल कॉलिन्स या इंग्लिश गायकाच्या १९८३ च्या कॅलिफोर्नियातल्या एका कार्यक्रमाची चोरीची सीडी इथे उघड विकली जात होती आणि तो कोर्टात गेला तर काय, इथल्या तेव्हाच्या कायद्यात जर्मन कलाकाराला जगात कुठेही वाजवलं तरी संरक्षण आणि परदेशी कलाकाराने जर्मनीबाहेर वाजवलेलं असेल तर जवळजवळ नाही. युरोपच्या कोर्टाने ऑक्टोबर १९९३ मध्ये सांगितलं की युरोपातल्याच माणसात असा भेद करता येणार नाही, तेव्हा ती वाट बंद झाली. आपल्याकडे कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क कॉपीराइट कायद्यात आला १९९४ च्या दुरुस्तीने. म्हणजे एका वर्षाचा फरक. इथे शिस्त आणि तिथे बजबजपुरी हे चित्र आपणच रंगवतो आणि मग त्याच्या आड आपल्याला जे करायचं नसतं ते लपवतो.

इथे खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, ते सतरा वर्षांचे असताना ३ फेब्रुवारी १९७२ ला कलोनच्या स्पोर्टहालेमध्ये होते, कॅनने तिथे फुकट कार्यक्रम केला होता, सुमारे दहा हजार माणसं. त्यांच्याकडे कॅसेटींचा एक खोका आहे. पण ते कुणाला देत नाहीत, ऐकवतात फक्त, तेही त्यांच्या मूडवर, आणि मला त्यांच्या खोलीत बसल्यावर हुबेहूब आपल्याकडचे ते संग्राहक आठवतात ज्यांच्याकडे 'अमक्यांचा तो यमन' असतो आणि त्या यमनापेक्षा तो फक्त आपल्याकडे असण्याचा आनंद मोठा असतो. माझा खरा राग यांच्यावर आहे, टाकणाऱ्यांवर नाही. टाकणारा निदान ऐकू तरी देतो.

कलाकारांचंही एकमत नाही म्हणा. किंग क्रिम्झन या इंग्लिश बँडचा गिटारिस्ट रॉबर्ट फ्रिप, त्याला स्टेजवर असताना कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्हीचा प्रचंड तिटकारा, तरी बँडच्या जुन्या कार्यक्रमांचा साठा त्याच्याच कंपनीने विकायला खुला केला आणि त्यात प्रेक्षकांतून आलेल्या टेपही आहेत. फ्रँक झॅपा या अमेरिकन संगीतकाराने तर १९९१ मध्ये स्वतःच्याच चोरीच्या रेकॉर्ड उचलून अधिकृत म्हणून काढल्या. दोघंही रेकॉर्डिंगवर चिडलेले, आणि दोघांनीही टेप जाळली नाही, ताब्यात घेतली. आपल्या वादात ही पायरीच कुणी बोलत नाही. चोरून भरलेली टेप टाकावी की नाही, यावर दोन आठवडे गेले, पण ती ज्याची आहे त्याला परत नेऊन देऊ हे कुणाच्या तोंडून आलं नाही.

मित्राला मी काल फोन केला. पहिलं सांगितलं की स्पूल मशिनवर लावून बघू नकोस, त्या काळातल्या काही टेपचा चिकटवणारा थर हवेतली ओल पिऊन चिकट होतो, हेडवर घासून आवाजासकट निघून येतो, असल्या टेप जाणकार लोक पन्नासएक अंशाच्या मंद उष्णतेत काही तास सुकवतात आणि मगच एकदा वाजवून कॉपी करतात. मामांच्या हातची एकच प्रत असेल तर प्रयोग करायला दुसरी संधी नाही. मग विचारलं, डब्यांवर काय लिहिलंय? त्याने वाचून दाखवलं, पेन्सिलीने तारीख, राग, गाणाऱ्या बाईंचं नाव. त्यांच्या घरच्यांना शोधणं सोपं आहे, तो म्हणाला, ओळख निघेल. मी म्हटलं, खाली अजून काही आहे का. थोडा वेळ गेला. एका डब्यावर तबल्याचं नाव होतं, आडनावाशिवाय, आणि कंसात एका गावाचं नाव. आम्ही दोघांनीही ते कधी ऐकलेलं नव्हतं.

लीबत्साइटशिवाय कॅन काय उरतो हे मला माहितीये, म्हणून मी त्याला म्हटलं, आधी याला शोध. या रविवारी तो त्या गावाला चाललाय.