‘तुम्हीच काहीतरी केलं असणार’: फुगलेल्या बॅटरीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेला खरं तर चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण तिच्याखाली बऱ्याच जणांनी ‘अगदी बरोबर’ असं लिहिलंय, तेव्हा सविस्तर लिहिते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वॉरंटीत असलेल्या माझ्या फोनची बॅटरी फुगली आणि मागचं पॅनल एका कडेने उचललं गेलं. सर्व्हिस सेंटरने फोन आत नेला. थोड्या वेळाने बाहेर येऊन ओलावा दाखवणारा स्टिकर गुलाबी झालाय असं सांगितलं, आणि ‘लिक्विड डॅमेज, वॉरंटी लागू नाही’ असा शेरा मारला. फोन पाण्यात पडलेला नाही, भिजलेला नाही. लेखात माझं म्हणणं एवढंच होतं की नकार देणाऱ्याने कारण लेखी द्यावं आणि ते दाखवूनही द्यावं.

त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘ताई, राग मानू नका, पण चांगली बॅटरी आपोआप फुगत नाही. तुम्हीच काहीतरी केलं असणार आणि आता खापर कंपनीवर फोडताय. शिकलेल्या लोकांनी तरी आधी वॉरंटीचा कागद वाचावा.’ पुढे असंही, की भलताच चार्जर वापरला असेल, बॅटरीला वॉरंटी सहाच महिन्यांची असते, काउंटरवरच्या मुलांना बोल लावू नका, आणि बॅटरी बाहेरून बदलून घेऊन विषय संपवा.

राग आला. आणि तो का आला हे सांगणं मला चार्जरपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही माझा फोन पाहिलेला नाही. मी तो कसा वापरते, रात्री कुठे ठेवते, यातलं तुम्हाला काहीच माहीत नाही. तरी ‘काहीतरी केलं असणार’. काय केलं असणार? ते तुम्ही सांगत नाही, कारण तुम्हाला सांगता येणार नाही. नेमकं हेच वाक्य मी त्या काउंटरवर ऐकून आले होते. तिथे ते बोलणाऱ्याला निदान पगार मिळतो. तुम्ही ते फुकटात बोलताय, तेही ज्या माणसाचा फोन बंद पडलाय त्याच्याशी. चार लोकांत कुणाला निष्काळजी ठरवायचं असेल तर आधी काही हातात असावं लागतं.

‘शिकलेल्या लोकांनी’ या टोमण्याचंही उत्तर देते. मी काही वर्षं एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर काम केलंय. फोन घ्यायचा, बिल तपासायचं, जॉबशीट (फोन जमा करताना त्याची अवस्था आणि तक्रार नोंदवायचा कागद) बनवायची. वॉरंटीचे कागद मी तुमच्याहून जास्त वाचलेत, आणि ते वाचून लोकांना नाही म्हणायचं कामही केलंय. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की फोन आला की आधी स्टिकर बघा. दोष काय आहे ते नंतर. स्टिकरचा रंग जरा बदललेला दिसला की पुढची तपासणी होतच नसे, शेरा ठरलेला असे. त्यामुळे हा कागद मला शिकवू नका.

आता ‘चांगली बॅटरी आपोआप फुगत नाही’. चांगली नाहीच फुगत. माझी चांगली नव्हती, हेच तर मी म्हणतेय!

फोनमधली लिथियम-आयन बॅटरी म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ थराच्या पाकिटात हवाबंद केलेले पापुद्रे: एक ग्रॅफाइटचा, एक लिथियम आणि इतर धातूंच्या ऑक्साइडचा, मध्ये अगदी पातळ पडदा आणि सगळ्याला भिजवणारं इलेक्ट्रोलाइट नावाचं द्रावण. हे इलेक्ट्रोलाइट विघटित झालं की वायू तयार होतो, आणि बाहेर जायला वाट नसल्यामुळे पाकीट फुगतं. विघटन उष्णतेने होतं, मर्यादेपलीकडे चार्ज केल्याने होतं, बॅटरी जुनी झाल्याने होतं. आणि बनवतानाच दोष राहिला असेल तरीही होतं. कारखान्यात सेल बनवताना आत ओलाव्याचा अंश राहिला तर इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षाराशी त्याची अभिक्रिया होते. म्हणून तर ते काम अत्यंत कोरड्या खोल्यांत चालतं. या यादीतली फक्त ‘वापरणाऱ्याची चूक’ तुम्ही उचललीत आणि बाकीचं सोडून दिलंत.

कारखान्यात चूक होते का? 2016 साली सॅमसंगला गॅलक्सी नोट 7 परत मागवावा लागला. पहिल्या खेपेलाच सुमारे 25 लाख फोन. सुरुवातीच्या बॅटऱ्यांत एका कोपऱ्यात पापुद्रे दाबले जाऊन वाकत होते, आणि बदलून दिलेल्या दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्यांत वेल्डिंगचे टोकदार कण राहिले होते. जानेवारी 2017 मध्ये कंपनीने हे स्वतः जाहीर केलं. ते फोन पेटले, माझा नुसता फुगला, हा फरक मला कळतो. पण ज्यांचे पेटले त्यांनाही सुरुवातीला कुणीतरी हेच म्हटलं असेल ना, की तुम्हीच काहीतरी केलं असणार?

स्टिकरचंही तेच. तो पाणी लागलं की रंग बदलतो, पण पाणी न लागताही बदलू शकतो. अमेरिकेत ॲपलविरुद्धचा खटला याच मुद्द्यावर होता. गुलाबी झालेल्या स्टिकरवरून वॉरंटी नाकारलेल्या ग्राहकांसाठी 2013 मध्ये 5 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड झाली. स्टिकरची पट्टी बनवणाऱ्या थ्रीएमकडूनच असं सांगण्यात आलं होतं की नुसत्या दमट हवेनेही तिचा रंग काही प्रमाणात बदलू शकतो. मग मी स्टिकरवर डोळे मिटून विश्वास का ठेवावा?

शिवाय पाण्याने बॅटरी फुगली असा दावा असेल तर मधली साखळी दाखवायला हवी. बॅटरी हवाबंद असते, बाहेरचा ओलावा सहजासहजी तिच्या पोटात जात नाही. पाणी फोनच्या आतल्या सर्किट बोर्डवर गेलं, तिथलं सर्किट बिघडलं आणि त्याचा परिणाम बॅटरीवर झाला, हे होऊ शकतं. पण मग कनेक्टरवर गंज दिसेल, बोर्डवर पांढरट-हिरवट थर दिसेल. तो दाखवा. माझ्या जॉबशीटवर गंजाचा उल्लेखच नाही. फोन माझ्यासमोर उघडलेला नाही. मी मागितलेला फोटो दिलेला नाही. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत यावर एक शब्द नाही.

चार्जरचं थोडक्यात. टाइप-सी चार्जर फोनने जास्त मागेपर्यंत 5 व्होल्टच देतो, आणि बॅटरीत किती करंट जाऊ द्यायचा हे फोनमधली चार्जिंगची चिप ठरवते. ती चिप कंपनीचीच असते. भिकार चार्जरने नुकसान होऊ शकतं, नाही म्हणत नाही. पण माझा चार्जर फोनच्याच कंपनीचा आहे आणि ते लेखात लिहिलेलं होतं.

सहा महिन्यांचं: काही कंपन्या फोनला बारा आणि बॅटरीला सहा महिने देतात, हे मला ठाऊक आहे. माझा नकार त्या कारणाने नव्हता, त्यामुळे त्यात मी शिरत नाही. एक कारण टिकत नाही म्हटल्यावर मागाहून दुसरं पुढे करायचं, हे कंपनीने केलेलं नाही, तुम्ही तिच्या वतीने करताय.

काउंटरवरच्या मुलांबद्दल मात्र तुमचं ऐकते. लेखात त्या मुलासाठी मी ‘उद्धट’ लिहिलं होतं. तो वरून आलेलंच सांगत होता. शब्द काढला आहे.

‘बाहेरून बदलून घ्या आणि विषय संपवा’ हा सल्लाही नको. बाहेर एकदा फोन उघडला की वॉरंटी नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. आणि ज्यांनी खाली ‘कुरिअरने थेट कंपनीला पाठवा’ असं सुचवलंय त्यांना कळकळीने सांगते, फुगलेल्या बॅटरीचा फोन असा पाठवू नका. खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवायला मनाई आहे, आणि त्यामागे आगीचं खरं कारण आहे. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, उचललेलं पॅनल दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर मुळीच नका, आणि जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा. हातात नेऊन द्या. देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. जॉबशीटवर ‘बाहेरून मार नाही, बॅटरी फुगलेली, पॅनल उचललेलं’ असं लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. ‘ग्राहकाच्या वापरामुळे’ असं आधीच छापलेलं असेल तर ते खोडायला लावा, किंवा शेजारी ‘मान्य नाही’ लिहून मग सही करा. काउंटरवर बसून मी पाहिलंय, तोंडी भांडणारा माणूस दमून परत जातो. ‘मान्य नाही’ लिहिलेली जॉबशीट मात्र वरच्या माणसाकडे न्यावीच लागते.

हे सगळं मूळ लेखातही होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत की पहिल्या परिच्छेदातच माझा निकाल लावलात, हे तुमचं तुम्हाला माहीत.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. नाव न लिहिता लिहिलीत तरी राहू दे. फोन सध्या सर्व्हिस सेंटरमध्येच आहे. स्टिकरचा आणि बोर्डचा फोटो मी ईमेलने मागितलाय, नकाराचं सही केलेलं पत्रही मागितलंय. फोटो आला की इथे टाकेन. बोर्डवर गंज दिसला तरीही टाकेन.